नाव न सांगणारे वर्गणीदार

मंडळी, आजचा विषय जरा अवघड आहे. सुना-जावई, भाचरं सगळीच इथे वाचतात, त्यामुळे लिहू की नको असं आठवडाभर चाललं होतं. पण आयुष्यभर वर्गात इतिहास शिकवला तो लढायांचा आणि तहांचा. माणसं काय लपवून वाचत होती, हाही इतिहासच की.

निमित्त असं झालं. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने अश्लील मालिका दाखवणाऱ्या २५ ॲप आणि संकेतस्थळांवर बंदी घातली. मार्च २०२४ मध्येही अशी १८ बंद केली होती. त्यांतलं एक ॲप एक कोटीहून जास्त वेळा फोनवर उतरवून घेतलेलं होतं, असं सरकारी पत्रकातच म्हटलं होतं. लातूरला सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांच्या कंपूत एक आडतवाले आहेत. ते म्हणाले, "अहो सर, बाकीचं जाऊ द्या, पण असल्या मालाला महिन्याच्या महिन्याला पैसे भरणारं गिऱ्हाईक टिकतं कसं?" प्रश्न अगदी पेठेतला. मला मात्र उत्तरासाठी १९२७ सालापर्यंत मागे जावंसं वाटलं.

जुलै १९२७ मध्ये र. धों. कर्व्यांनी मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा उघड प्रचार करतात म्हणून १९२५ मध्ये ती नोकरी गेली. मासिकात संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीपुरुषसंबंध, देवाधर्मावर कोरडे, शिवाय चावट विनोद. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचं चित्र! आजच्या ॲपवाल्यांच्या पंगतीत कर्व्यांना बसवण्याचा माझा अजिबात हेतू नाही. ते शास्त्र सांगत होते. पण गिऱ्हाईक टिकवण्याची अडचण दोघांची एकच: वाचायचं आहे, पण आपण वाचतो हे कुणाला कळू द्यायचं नाही.

आता आपल्या भागाचा विचार करा. नांदेड, लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. शाळेत उर्दू, व्यवहारात हाली शिक्का. मुंबई इलाख्याचा कलदार रुपया वेगळा. मुंबईचं मासिक नांदेडला यायचं तर मनमाडवरून, आणि लातूरला यायचं तर कुर्डुवाडीला उतरून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने. एवढं करून अंक आला की तो टपालवाल्याच्या हातात. टपालवाला गावातल्या प्रत्येकाला ओळखतो, आणि गाव टपालवाल्याला विचारतं. शिवाय १८९८ च्या टपाल कायद्यात अश्लील मजकूर पाठवायलाच बंदी, तेव्हा वाचणाऱ्याला लाज आणि पाठवणाऱ्याला धाक. मुखपृष्ठाचा तो हट्ट कर्व्यांनी सोडायला हवा होता, असं माझं मत आहे. साध्या कागदाचं मुखपृष्ठ असतं तर एखाद्या मास्तराने धीर करून वर्गणी भरली असती. पण कर्वे कुणाचं ऐकतील तर ना!

तरीही मासिक छब्बीस वर्षं चाललं. फायद्यात नाही, पदरचं घालून, पत्नी मालतीबाईंच्या साथीवर. ऑक्टोबर १९५३ मध्ये कर्वे गेले आणि नोव्हेंबरचा अंक शेवटचा ठरला. एवढा काळ वाचक कशाला धरून राहिले? मला वाटतं, प्रश्नोत्तरांना. बायकोला, बापाला, डॉक्टरलाही विचारता येत नाही ते लोक कर्व्यांना पत्राने विचारत, आणि कर्वे न लाजता छापील उत्तर देत. गंमत पाहा, १९३४ चा खटला झाला तो याच उत्तरांवरून. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवर वाचकांनी विचारलं होतं, कर्व्यांनी सांगितलं होतं. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांवर लिहिलं म्हणजे ते अश्लीलच, हे त्यांना मान्य नव्हतं. निकाल विरुद्ध गेला, दंड झाला. म्हणजे वाचकाला बांधून ठेवणारी जी एकमेव गोष्ट, तीच गुन्हा ठरली.

पुढच्या धंद्याने यातून बरोबर धडा घेतला. उत्तरं देणं बंद, नाव विचारणं बंद. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' कादंबरीवर खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले. पण भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत त्यांच्या कादंबऱ्या आधीपासूनच हातोहात फिरत होत्या. वाचनालयाच्या वहीत मात्र नाव लागायचं. म्हणून नांदेडच्या स्टँडवर पिना मारलेली पिवळी पुस्तकं खपायची. रोख पैसे द्या, पिशवीत टाका, ओळख नाही. गिऱ्हाईक टिकवायची गरजच नाही, एसटीतून नवं उतरतंच.

व्हिडिओवाल्यांचं सगळ्यांना ठाऊक आहे. मग सायबर कॅफे आले. तिथे प्लायवूडच्या आडोशाला तासावर पैसे. २०११ च्या नियमांनी ओळखपत्र, नोंदवही आणि आडोशाची उंची साडेचार फुटांच्या आत, असं सगळं ठरवून दिलं. पुन्हा वही आलीच! दरम्यान २००८ मध्ये 'सविता भाभी' ही चित्रकथा निघाली आणि जून २००९ मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली. परदेशी गोऱ्या बाईपेक्षा शेजारच्या घरातली, साडी नेसलेली आणि आपल्या भाषेत बोलणारी बाई गिऱ्हाइकाला जास्त धरून ठेवते, हे तिने दाखवलं. पुढच्या ॲपवाल्यांनी तेच भांडवल केलं. बंद झालेल्यांत एक मल्याळमही होतं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि आडोसा प्रत्येकाच्या खिशात गेला. मालिका उत्कंठेवर तोडायची, पुढचा भाग पुढच्या आठवड्यात. ही युक्ती तर आमच्या साप्ताहिकांतल्या क्रमशः कादंबऱ्यांचीच. त्यात २०२० पासून यूपीआयवर वर्गणी आपोआप कापून घेण्याची सोय झाली. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून पैसे कापण्याआधी २४ तास संदेश पाठवणं सक्तीचं केलं. चांगलं केलं. पण खात्याला नंबर वडिलांचा असेल तर? टपालवाल्याची जागा एसएमएसने घेतली.

माझा एक जुना विद्यार्थी लातूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याला आडतवाल्यांचा प्रश्न सांगितला. तो हसला. म्हणाला, "सर, पोरं टिकत नाहीत, अडकतात. पैसे कापले जातायत ते थांबवायचं कसं, हे घरी विचारता येत नाही. मग दुकान बंद व्हायच्या वेळेला येतात, फोन पुढे करतात आणि दुसरीकडं बघत उभी राहतात. मी बंद करून देतो. पैसे घेत नाही." मग थोडं थांबून म्हणाला, "त्यातली काही नंतर परत येतात. फोन ठीक असतो. दुसरंच काही विचारायचं असतं, लग्न ठरलेलं असतं. मला काय येतंय सर त्यातलं? मी डॉक्टरकडं जा म्हणतो. जात नाहीत."