करवीरच्या शाळांतील इंग्रजी आणि शिक्षकांची तालीम

करवीर म्हणजेच कोल्हापूर संस्थानात अध्यापकांच्या शिक्षणाला आरंभ झाला तो मराठी शाळांच्या निमित्ताने. स्त्रीशिक्षणाचा कारभार पाहणाऱ्या मिस लिटल यांच्यामागून शाहू महाराजांनी तो रखमाबाई केळवकर यांच्या हाती सोपविला, तेव्हा फीमेल ट्रेनिंग स्कूलमध्ये स्त्रिया अध्यापनाचे रीतसर धडे घेत होत्या. त्याच कोल्हापूर शहरातील राजाराम हायस्कुलात मात्र इतिहास, गणित, विज्ञान हे सारे विषय वरच्या इयत्तांत इंग्रजीतून शिकविणाऱ्या मास्तरांपाशी विद्यापीठाची पदवी असली, तरी परभाषेतून विषय कसा उलगडावा याची तालीम बहुधा नसे; माध्यमिक शिक्षकांसाठी मुंबईचे ट्रेनिंग कॉलेजच मुळी १९०६ साली निघाले. कागलहून या शाळेत आलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना विलक्षण पाठांतराच्या बळावर १८८१ साली मॅट्रिक होता आले. सामान्य मुलाला मात्र भूमितीचा एकच सिद्धांत आधी भाषा म्हणून आणि मग गणित म्हणून, असा दोनदा सोडवावा लागे.

पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत महाराणी ताराबाई अध्यापक महाविद्यालय स्थापन झाले आणि माध्यमिक शिक्षकांच्या तालमीची उणीव भरून निघाली. परंतु तोवर मातृभाषेचे माध्यम रुजू लागले होते. मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळाने पाचवी ते सातवीच्या इयत्तांतून इंग्रजी काढले, १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि इंग्रजी ही एका तासाची, 'इंग्रजी मेथड' म्हणजे इंग्रजी अध्यापनपद्धतीचा विषय घेतलेल्या एकाच शिक्षकाची जबाबदारी होऊन बसली.

भाषा एका शिक्षकाकडे आणि विषय इतरांकडे, ही वाटणी तेव्हा युक्तच होती. पण २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले, गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकविणारे सेमी इंग्रजीचे वर्ग वाढले, आणि मराठीतून शिकलेल्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांपुढे राजाराम हायस्कुलातील जुन्या मास्तरांचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. प्रयोगाची चर्चा आधी मराठीत होऊ द्यावी, पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांत फळ्यावर मांडावेत, निष्कर्षाचे इंग्रजी वाक्य मुलांकडून बांधवून घ्यावे, आणि उत्तर तपासताना भाषेची चूक विषयाच्या खाती टाकू नये, ही कौशल्ये केवळ अनुभवावर सोपवून भागणार नाही. ती गणिताच्या आणि विज्ञानाच्या मेथडमध्येच शिकविली पाहिजेत. तसे न झाल्यास बुद्धीची परीक्षा म्हणून आपण पुन्हा पाठांतराचीच परीक्षा घेत राहू.