साखरखेर्ड्याचा कटाव

साखरखेर्डा हे आमच्या सुलतानपूरप्रमाणेच बुलढाणा जिल्ह्यातले गाव. १७२४ साली निजाम-उल-मुल्कने येथे मुबारिजखानाचा पराभव केला आणि गाव फत्तेखेर्डा झाले. इतिहासात गावाची ओळख बहुधा येथेच संपते. पण १६९८ साली कवी अमृतराय याच गावी जन्मले. पुढे औरंगाबादेत राहून त्यांनी मराठीत कटाव रूढ केला, हिंदुस्थानीतही रचना केल्या.

गझलेतला प्रत्येक शेर आपल्या दोन ओळींत पुरा होतो. काफिया-रदीफ शेवटी येऊन त्याला मिटवतात. कटावाला असा थांबा नाही. मात्रांच्या द्रुत ठेक्यावर अनुप्रास आणि यमके ओळीच्या पोटातच एकामागून एक येत राहतात. गझल उसासा टाकायला थांबते. कटाव कीर्तनातला प्रसंग श्रोत्यांच्या डोळ्यांपुढून धावत नेतो.

आम्ही उर्दू शाळेत बहर, म्हणजे वृत्त, समजावतो. मराठी कविता आली की मुले तिला ‘त्यांची’ म्हणतात. दोष मुलांचा नाही, शिकवणाऱ्या आमचा आहे. टाळीवर ठेका धरला की दोन्ही कविता त्यांना ओळखीच्या वाटू लागतात. अमृतरायांनी दोन्ही भाषा एकाच मुखी नांदवल्या. त्यांच्याच जिल्ह्यात आम्ही त्यांची वाटणी का करावी?