उडी मारणारा कुत्रा आणि कुंपणाचा इतिहास

हेडफोन नीट लावा, कारण आज आपण थेट इंग्लंडच्या शेतात जाणार आहोत, तेही रात्री, एका कुत्र्याबरोबर.

तिकडच्या खेड्यांमध्ये ससे पकडायला कुत्रे पाळणाऱ्या लोकांत एक वाद कधी संपतच नाही. कामाच्या लर्चरला कुंपणावरून उडी मारायला शिकवायचं की नाही? एकजण म्हणतो, न शिकवलेला कुत्रा तारेत अडकून मरतो. दुसरा म्हणतो, शिकवलेलाच मरतो. वरवर हा कुत्रा-ट्रेनिंगचा प्रश्न वाटतो. पण ते कुंपण तिथे आलं कुठून, हे विचारलं की ८०० वर्षांची गोष्ट उलगडते.

आधी लर्चर म्हणजे काय ते बघू. ही जात नाही, मिश्रण आहे. एका बाजूला ग्रेहाउंड, व्हिपेट किंवा सलुकीसारखा नजरेवर पळणारा कुत्रा, आणि दुसऱ्या बाजूला कॉलीसारखा मेंढ्या राखणारा किंवा बेडलिंग्टनसारखा टेरियर. आपल्याकडचा कारवानी किंवा मुधोळ कुत्रा पाहिलाय ना? लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर. तसल्या कुत्र्यात धनगराच्या कुत्र्याचं डोकं घातलं तर काय होईल, तो लर्चर. वेग एकाचा, अक्कल दुसऱ्याची.

आता जाऊ १२१७ सालात. इंग्लंडमध्ये 'चार्टर ऑफ द फॉरेस्ट' नावाची सनद निघाली. राजाच्या जंगलाचे जाचक नियम तिने सैल केले म्हणून तिचं कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. पण तिच्यातच कुत्र्यांबद्दल एक कलम आहे. राजाच्या जंगलाच्या हद्दीत राहणाऱ्यांच्या कुत्र्यांच्या पुढच्या पायाची तीन बोटं छाटायची, म्हणजे त्याला हरणामागे धावता येणार नाही. दर तीन वर्षांनी तपासणी. न छाटलेला कुत्रा सापडला तर मालकाला ३ शिलिंग दंड. आणि ही सवलत होती बरं का! त्याआधी दंड म्हणून बैल ओढून नेत असत.

म्हणजे सुरुवातीला कुंपण नव्हतंच, कुत्र्याचा पायच कापत होते. कुंपण होतं ते राजा-सरदारांच्या हरणांच्या राखीव बागांना. त्यात एक गमतीशीर युक्ती असे. कुंपणाच्या आतल्या बाजूला खंदक आणि बाहेरच्या बाजूला चढ. बाहेरचं हरीण चढावरून सहज आत उडी मारणार, पण आतून बाहेर यायला त्याला उंची झेपणार नाही. उडीचं गणित घालून बांधलेलं कुंपण. या इंजिनिअरिंगला मी मनातल्या मनात दाद देतो, हेतू काही का असेना.

१३९० च्या सुमारास, दुसऱ्या रिचर्डच्या काळात, कायदा झाला की ज्याच्या जमिनीचं वर्षाचं उत्पन्न ४० शिलिंगांपेक्षा कमी, त्याने शिकारी कुत्रा पाळायचाच नाही. पुढे १६७१ च्या शिकार कायद्याने ही रेघ आणखी वर नेली: वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन हवी. तेव्हा संसदेच्या निवडणुकीत मत द्यायला ४० शिलिंगांची, म्हणजे २ पौंडांची जमीन पुरत होती. करा हिशेब. मत द्यायला जेवढी मालमत्ता लागे, तिच्या पन्नासपट मालमत्ता एक तितर मारायला! विल्यम ब्लॅकस्टोन हा इंग्लंडचा नावाजलेला कायदेपंडित, त्यानेही ही विसंगती दाखवून दिली होती. याच १६७१ च्या कायद्यात जप्त करायच्या गोष्टींमध्ये बंदुका आणि जाळ्यांबरोबर लर्चरचंही नाव आहे. कुत्र्याचं नावच कायद्यात. गेमकीपर, म्हणजे जमीनदाराचा शिकार-राखणदार, घरात शिरून झडती घेऊ शकत होता.

आता गरिबाला ससा तर हवाच. मग कुत्रा कसा हवा? १५७० मध्ये जॉन केयस नावाच्या डॉक्टरने ब्रिटनच्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये छोटं पुस्तक लिहिलं. त्यात एक 'चोर कुत्रा' आहे, मालकाच्या हुकमावर रात्री ससे आणणारा. १७९० मध्ये थॉमस ब्यूइक या न्यूकॅसलच्या चित्रकाराने प्राण्यांवरच्या पुस्तकात लर्चरचं वर्णन केलं. ग्रेहाउंडपेक्षा लहान, राठ केसांचा, आणि सशावर झडप घालताना अजिबात न भुंकणारा. न भुंकणं हे इथे महत्त्वाचं. भुंकला की पकडला गेलात.

पण गोष्टीची खरी कलाटणी आहे ती 'एन्क्लोजर'ची. गावाची सामायिक गायरानं आणि मोकळी शेतं एकेका मालकाच्या नावावर करून बंदिस्त करणं. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने असे ५,२०० पेक्षा जास्त कायदे केले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन बंदिस्त झाली. सगळ्यात जास्त धडाका १८ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९ व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. ज्या माळावर आजोबांनी गाय चारली, सरपण गोळा केलं, तिथे नातवाच्या वेळी हॉथॉर्नचं काटेरी कुंपण उभं. आपल्याकडे बांधावर बोराट्या लावतात ना, तसंच, फक्त मैलोन्‌मैल आणि संसदेच्या शिक्क्यानिशी.

या टप्प्यावर उडीला किंमत आली. माणूस सार्वजनिक रस्त्यावर उभा आहे. रस्त्यावर उभं राहणं हा काही गुन्हा नाही. कुत्रा गुपचूप फाटकावरून आत जातो, ससा धरतो, तोंडात घेऊन परत उडी मारून येतो. फाटकाची कडी वाजत नाही, माणसाच्या बुटाचा ठसा शेतात उमटत नाही. यातली अवघड उडी परतीची. तोंडात दोन-अडीच किलोचा ससा घेऊन चार-पाच फूट उंच फाटक ओलांडायचं, म्हणजे मान जड, नजर अर्धी झाकलेली. हे शिकवलेला कुत्रा म्हणजे एका कुटुंबाचं आठवड्याचं मटण. आणि दाव्यावर काय होतं? १८२८ च्या रात्रीच्या शिकारचोरीच्या कायद्याप्रमाणे तिसऱ्यांदा सापडलात तर ७ वर्षं समुद्रापार हद्दपारी होऊ शकत होती. सशासाठी ऑस्ट्रेलिया! १८६२ मध्ये तर पोलिसांना रस्त्यावरच झडती घ्यायचा अधिकार मिळाला. 'मी तर रस्त्यावर उभा आहे' हे उत्तर संपलं.

एक लक्षात घ्या. तोवरची सगळी कुंपणं दिसणारी होती. झाडांची बाड, लाकडी फाटक, उत्तरेकडे दगड रचून केलेल्या भिंती. कुत्र्याला ती अंधारातही गडद पट्टा म्हणून दिसतात. भिंतीवर तो पुढचे पाय टेकवतो, क्षणभर वर थांबतो, पलीकडचा अंदाज घेतो आणि उतरतो. चुकलाच तर आपटतो, फाटत नाही.

मग आली तार. १८७४ मध्ये अमेरिकेत, इलिनॉयमध्ये, जोसेफ ग्लिडनला काटेरी तारेचं पेटंट मिळालं. स्वस्त, झटपट. काही वर्षांतच ती ब्रिटनमध्येही पोचली, आणि १८९३ मध्ये संसदेला बार्ब्ड वायर कायदा करावा लागला. रस्त्याच्या कडेला येणाऱ्या-जाणाऱ्याला इजा करणारी तार काढून टाकायला लावायचा अधिकार त्याने स्थानिक संस्थांना दिला. घोड्यावरून कोल्ह्यामागे धावणाऱ्या श्रीमंत मंडळींनी तर 'वायर फंड' काढले. वर्गणी जमवायची आणि शिकारीच्या हंगामात शेतकऱ्यांकडून तार उतरवून घ्यायची. घोड्यासाठी तार खाली आली. गरिबाच्या कुत्र्यासाठी कोण वर्गणी काढणार?

आज जो वाद चालतो तो याच तारेचा. ब्रिटनमधलं नेहमीचं मेंढ्यांचं कुंपण म्हणजे खाली चौकोनी जाळी आणि वर एक-दोन काटेरी तारा, साधारण कमरेइतकं उंच. लर्चरच्या दृष्टीने उंची किरकोळ आहे, घात करते ती वरची तार. कुत्र्याने उडी थोडी आखूड घेतली की मागचा पाय वरच्या तारेच्या आणि जाळीच्या मधे जातो, शरीर पुढे पडतं, तार पायाभोवती पिळली जाते आणि कुत्रा लोंबकळतो. त्यात या कुत्र्यांची कातडी इतकी पातळ की काटा नुसता लागला तरी मोठा तुकडा सोलून निघतो. रात्री बॅटरीच्या झोतात ससा पळतोय, कुत्रा पूर्ण वेगात मागे आहे, आणि बारीक तार त्याला दिसतच नाही.

म्हणून 'शिकवू नका' म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. ज्याला कुंपण म्हणजे ओलांडायची गोष्ट हे कळलं, तो प्रत्येक कुंपण ओलांडून बघणार. घराच्या अंगणाचंसुद्धा. पलीकडे मेंढ्या असल्या तर? १९५३ च्या कायद्याने मेंढ्यांना सतावणाऱ्या कुत्र्याचा मालक गुन्हेगार ठरतो, आणि ठरावीक परिस्थितीत शेतकरी कुत्र्याला गोळीही घालू शकतो. शिवाय २००४ च्या हंटिंग कायद्याने कुत्र्यांकरवी वन्य सस्तन प्राण्यांची शिकार बंद केली. पाळीव सशाचा जो रानटी भाऊ, तो रॅबिट, आणि उंदीर यांची सूट आहे, पण जमीनमालकाची परवानगी हवी. मोठा रानससा, म्हणजे हेअर, त्यात येत नाही. २०२२ पासून परक्या शेतात कुत्रा घेऊन हेअरच्या मागे गेलात तर ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि कोर्ट कुत्रा पाळायलाच बंदी घालू शकतं. थोडक्यात, एका उडीत तुमचा कुत्रा परवानगीच्या शेतातून गुन्ह्याच्या शेतात जातो. (भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारच बंद आहे, तेव्हा कारवानीवाल्या दोस्तांनो, हे ऐकून उत्साहात येऊ नका.)

तरीही माझं मत 'शिकवा' असंच आहे, एका अटीवर. पाठलागात असलेला कुत्रा न शिकवताही उडी मारतोच, फक्त ती धडपडत मारतो, छाती जाळीवर आपटून. तेव्हा उडीची कला शिकवण्यात चूक नाही. चूक आहे ती धावता धावता उडी मारायची सवय लावण्यात. ती सवय जुन्या चोरट्यांची गरज होती, कारण त्यांना हुकूम द्यायलाही तोंड उघडणं परवडत नव्हतं. परवानगी घेऊन शेतात गेलेल्या माणसाला ती गरज नाही. त्याने कुत्र्याला कुंपणापाशी थांबायला शिकवावं, स्वतः पुढे जाऊन तारेवर जाड कोट टाकावा, मग एक शब्द उच्चारावा, आणि कुत्र्याने उभ्या जागेवरून उडी घ्यावी. ससा निसटला तर निसटला. आज कुणाची चूल त्यावर अडलेली नाही.

'थांब' आणि 'परत ये' हे दोन हुकूम पक्के होईपर्यंत उडीचं नाव काढायचं नाही. आणि वयाचंही बघा. लांब पायांच्या पिल्लाची हाडं साधारण वर्षभर वाढत असतात, त्याआधी उंचीवरून उतरताना सगळा धक्का पुढच्या पायांवर येतो. तोवर दारात एक फळी आडवी ठेवायची, पायरीइतकीच उंच, आणि पिल्लाने ती शब्द ऐकल्यावरच ओलांडायची. फळी उंच करायची घाई नको, वर्ष सरू द्या.