शिर्डी ते हैदराबाद: विमानाचे अंतर किती, वेळ किती?

शिर्डी विमानतळ शिर्डी गावात नाही, ते कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धावपट्टी २,५०० मीटर लांब आहे. तिकिटावर शिर्डीचा कोड एसएजी आणि हैदराबादचा एचवायडी असा असतो. नातेवाईकांकडे, दवाखान्यासाठी किंवा तिथून पुढे उमराहला, आखाती देशात जाण्यासाठी आपल्याकडची अनेक कुटुंबे हैदराबाद गाठतात. म्हणून हा हिशोब माहीत असलेला बरा.

अंतर

काकडी ते हैदराबादचे शमशाबाद विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे ५०७ किलोमीटर आहे. मैलात ३१५ आणि नॉटिकल मैलात २७४. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, त्यामुळे आकडे वेगळे दिसले तरी अंतर तेच. सडकेने हेच अंतर ६०० किलोमीटरच्या वर जाते. रेल्वेने मनमाडहून अजिंठा एक्सप्रेस पकडली तर अख्खी रात्र लागते.

वेळ

पंख्याचे एटीआर विमान ताशी साधारण ५०० किलोमीटर वेगाने जाते, जेट विमान ८०० च्या आसपास. नुसता भागाकार केला तर एटीआरला एक तास आणि जेटला ३८ मिनिटे येतात. पण धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे यात वेळ जातोच. म्हणून एटीआरची वेळ तिकिटावर साधारण दीड तास दिसते, जेटची थोडी कमी.

घरापासूनचा हिशोब

समजा कुटुंब नगर शहरातले आहे. राहुरी-कोल्हारमार्गे काकडीला पोहोचायला दोन तास धरा. नगर-मनमाड रस्त्यावर ट्रॅफिक लागले तर आणखी जास्त. विमानतळावर दोन तास आधी, विमानात दीड तास, सामान घ्यायला अर्धा तास. झाले सहा तास. त्यात हवेतला वेळ फक्त पाव हिस्सा.

पुढचे विमान असेल तर

खरी चूक इथेच होते. शिर्डी-हैदराबाद आणि हैदराबाद-जेद्दाह ही दोन वेगवेगळी तिकिटे असतील, तर हैदराबादला सामान स्वतः घेऊन पुन्हा काउंटरवर द्यावे लागते. देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय विमाने एकाच इमारतीतून सुटतात, एवढी सोय आहे. पण आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी हजर राहायचे, सामानाला एक तास, आणि उशिरासाठी किमान दोन तास हातात ठेवायचे. म्हणजे दोन विमानांत सहा तासांचे अंतर हवे. अम्मी-अब्बू सोबत असतील, व्हीलचेअर लागणार असेल, तर आदल्या दिवशीच हैदराबादला पोहोचा.

पहिले विमान धुक्यामुळे किंवा पावसामुळे लेट झाले आणि पुढचे चुकले, तर वेगळ्या तिकिटावर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. पैसे जातात ते आपलेच. पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर असेल, तर पुढची सोय कंपनीला बघावी लागते. म्हणून एजंटला पैसे देण्याआधी हा एकच सवाल करा: पीएनआर एक आहे की दोन?

हंगामानुसार वेळापत्रक बदलते. निघण्याच्या आदल्या रात्री विमानाची वेळ पुन्हा एकदा तपासून घ्या.