जामखेडच्या बायका
मी उपकेंद्राची नर्सबाई. नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली आरोग्याचं काम सुरू केलं, तेव्हा गावोगावी आधी नर्सच पाठवल्या होत्या. ते जमलं नाही. परक्या गावात एकटी, शिकलेली बाई. तिचं ऐकणार कोण? मग त्या-त्या गावातलीच बाई निवडली. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. दर आठवड्याला जामखेडला यायचं, शिकायचं आणि परत जाऊन गावाला शिकवायचं.

नाळ विळ्यानं कापून वर राख-शेण लावलं की बाळाला धनुर्वात होऊ शकतो, हे आम्ही नर्सबाया सांगून थकलो होतो. तेच गावातल्या या शेजारणीनं उकळलेलं पातं हातात धरून दाखवलं, आणि सासवांना पटलं. सासू पटली की बाळंतीण सुटली! जुलाब लागलेल्या पोराचं पाणी तोडायचं नाही, हेही तसंच.

१९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ साली सरकारनं आशा योजना आणली, तीही गावातलीच बाई निवडायच्या याच वाटेनं. आशाताईंना आजही पगार नाही, मोबदला आहे. तो निदान वेळेवर द्या.