पुण्यातील संशोधनपद्धती आणि पुराव्याच्या कक्षा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्यात ज्या संशोधनसंस्था उभ्या राहिल्या, त्यांचा इतिहास बहुधा संस्थापकांच्या त्यागाचा आणि चिकाटीचा इतिहास म्हणून सांगितला जातो; परंतु पुरावा कशाला म्हणावयाचे आणि तो कसा पारखून घ्यावयाचा, या प्रश्नाला निरनिराळ्या विद्याशाखांनी येथे जी उत्तरे दिली, त्यांचा मागोवा घेणे अधिक उद्बोधक ठरते.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. बखर, म्हणजे घटना घडून गेल्यानंतर पुष्कळदा आठवणींवर व ऐकीव माहितीवर विसंबून लिहिलेले कथन. तिच्यापेक्षा त्या त्या वेळी लिहिले गेलेले अस्सल पत्र अधिक विश्वसनीय, हा त्यांचा आग्रह होता. जुन्या घराण्यांकडील रुमाल, म्हणजे कापडात बांधून ठेवलेले कागदांचे गठ्ठे, सोडवून त्यांतील मोडी मजकूर वाचणे एवढ्यावर हे काम संपत नसे. पत्रात महिना आणि तारीख असली तरी वर्ष पुष्कळदा दिलेले नसे, आणि ते मजकुरातील माणसे, मोहिमा व मुक्काम यांच्या संदर्भांवरून ठरवावे लागे. मराठी इतिहासलेखनाला शिस्त लागली ती या कष्टांमुळे. मात्र अस्सल कागदाची मर्यादाही तितकीच उघड आहे: ज्यांच्या घरी लिहिणारा कारकून होता त्यांचाच आवाज त्यात प्रामुख्याने उमटतो, आणि कुणबी, कारागीर व स्त्रिया यांचा उल्लेख आलाच तर तो दुसऱ्याच्या लेखणीतून येतो.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासमोरचा प्रश्न निराळा होता. तेथे १९१९ मध्ये सुरू झालेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीला अस्सल प्रत अशी नव्हतीच. होत्या त्या शतकानुशतके एकमेकींवरून उतरवलेल्या नकला, आणि त्याही शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा अनेक लिप्यांत. १९२५ मध्ये प्रमुख संपादक झालेले वि. सी. सुकथनकर केंब्रिजला गणित शिकलेले होते, आणि त्यांच्या कार्यपद्धतीत तो काटेकोरपणा दिसतो. आखलेल्या मोठ्या कागदावर वरच्या ओळीत प्रचलित संहितेतील श्लोक अक्षरागणिक लिहावयाचा, खाली प्रत्येक पोथीची खूण घालावयाची आणि जेथे तिचा पाठ वेगळा पडतो तेवढेच त्या त्या अक्षराखाली नोंदवावयाचे, अशी ती जुळणी होती. कोणत्या पोथ्या एका कुळातील आहेत हे त्यातून दिसू लागे, आणि परस्परांशी संबंध नसलेल्या कुळांत जो पाठ समान आढळे, त्याला अधिक वजन दिले जाई. १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत सुकथनकरांनी आपल्या निर्णयांची कारणे सविस्तर मांडली; बाजूला सारलेले पाठही तळटीपांत व परिशिष्टांत छापले गेले, त्यामुळे संपादकाशी असहमत होण्याची साधने वाचकाच्या हाती राहिली. त्या काळच्या विद्वत्तेतील ही सर्वांत प्रामाणिक सवय म्हटली पाहिजे. सर्व पर्वे पूर्ण होण्यास १९६६ साल उजाडले.

जिवंत माणूस हाच पुरावा मानणारी पद्धत शेतीच्या अभ्यासातून आली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मात्र ती पाहणी मुख्यतः जमीन, उत्पन्न आणि कर्ज यांच्या आकड्यांची होती. आकड्यांत न मावणारा अर्थ समजून घेण्याच्या पद्धतीला आज गुणात्मक संशोधन म्हणतात, आणि महाराष्ट्रात तिचा उत्तम नमुना इरावती कर्वे यांच्या लेखनात सापडतो. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात असलेल्या कर्वे बर्लिनमध्ये शरीरमापनाच्या शास्त्रात तयार झाल्या होत्या; तरीही पंढरीच्या वारीचा अभ्यास त्यांनी दिंडीबरोबर चालून केला. अभ्यासविषय असलेल्या समूहात राहून, त्याच्या व्यवहारात भाग घेऊन केलेल्या अशा अवलोकनास सहभागी निरीक्षण म्हणतात. एकाच दिंडीत अभंग म्हणत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगवेगळे बसतात, ही त्यांची नोंद कोणत्याही प्रश्नावलीतून हाती आली नसती. त्या दृश्याने आपण अस्वस्थ झालो, हेही त्यांनी लपविले नाही.

या सर्व वाटा दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या कामात एकत्र येतात. व्यवसायाने गणिती असलेल्या कोसंबींनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सित आवृत्ती १९४८ मध्ये सिद्ध केली, आणि वापरात झिजणाऱ्या नाण्याचे वजन कोणत्या नियमाने घटते हे संख्याशास्त्राने तपासून तो नियम प्राचीन आहत, म्हणजे ठसे उमटवलेल्या, नाण्यांना लावून पाहिला. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर पायी हिंडताना ते गारगोटीसारख्या दगडांची बारीक अश्मयुगीन हत्यारे वेचत, आणि शेंदूर लावलेल्या देवतांची ठाणी गावापासून दूर, विशिष्ट जागीच का असतात हे स्थानिकांना विचारत. अशी काही ठाणी प्राचीन पायवाटांच्या मिळणीवर आहेत, असे त्यांनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात मांडले. हत्यारे आणि देवता एका जागी सापडल्या एवढ्याने पूजेची परंपरा अखंड असल्याचे सिद्ध होत नाही, आणि त्यांची काही अनुमाने त्यामुळे सैल वाटतात. परंतु ग्रंथातील वचनाचा अर्थ शेतकऱ्याच्या आजच्या आचारातही शोधावा लागतो, हा त्यांचा मुद्दा अबाधित राहतो.

राजवाड्यांच्या रुमालांत जिचा आवाज नव्हता, ती ग्रामीण स्त्री अभ्यासाच्या केंद्रस्थानी येण्यास मात्र बराच काळ जावा लागला. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि ओवीबरोबर ती गाणारीचे नाव व गाव यांचीही नोंद ठेवली. त्यामुळे सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल यांविषयीची एकच कल्पना कोणत्या गावी कोणत्या शब्दांत बदलते, हे पोथ्यांतील पाठभेदांप्रमाणे ताडून पाहता येते.