आर्डुइनो : इव्रेया नगरीची विद्यार्थ्यांस देणगी

इटलीच्या उत्तर भागात, तुरीन शहराजवळ, इव्रेया नावाचे एक लहानसे नगर आहे. १९०८ साली कामिल्लो ऑलिव्हेत्ती यांनी तेथे टंकलेखन यंत्रांचा कारखाना काढला आणि या नगराची ख्याती देशोदेशीच्या कचेऱ्यांत पोहोचली. टंकयंत्रांचे युग कालांतराने मावळले. परंतु त्याच नगरीत जन्मलेली तळहाताएवढी एक वस्तू आज असंख्य शाळांत दिसते. तिचे नाव आर्डुइनो.

इव्रेयात २००१ साली यंत्र व माणूस यांच्यातील व्यवहाराची रचना शिकविणारी एक संस्था सुरू झाली. तेथील बहुतेक विद्यार्थ्यांना विद्युत्शास्त्राची पार्श्वभूमी नव्हती. दिवा लावणे, मोटर फिरविणे, तापमान मोजणे अशी कामे आज्ञावलीद्वारे करून घेण्यासाठी ते ‘बेसिक स्टॅम्प’ हा छोटा बोर्ड वापरीत. त्यास ५० डॉलर वा त्याहून अधिक मोल पडे. महागडी वस्तू जळेल या भीतीने हात आखडतो, आणि आखडलेल्या हाताने प्रयोग होत नाहीत.

कोलंबियाहून आलेला विद्यार्थी एर्नांदो बारागान याने २००३ साली आपल्या प्रबंधासाठी ‘वायरिंग’ हा बोर्ड व त्याची सुलभ आज्ञाप्रणाली सिद्ध केली. त्याच पायावर, अधिक स्वस्त चिप योजून, मास्सिमो बान्झी, डेव्हिड कुआर्तिएलेस व त्यांचे सहकारी यांनी २००५ साली आर्डुइनो घडविला. किंमत सुमारे ३० डॉलर ठरली. अकराव्या शतकारंभीच्या आर्दुइन राजाचे नाव धारण करणाऱ्या गावातील एका पेयगृहावरून हे नामकरण झाले.

याच सुमारास संस्था बंद होण्याची चिन्हे दिसू लागली. केलेले कार्य तिच्याबरोबर लयास जाऊ नये, म्हणून बोर्डाचा आराखडा व आज्ञाप्रणाली सर्वांना खुली करण्यात आली. कोणीही तो पाहावा, बनवावा, सुधारावा, विकावाही. केवळ ‘आर्डुइनो’ हे नाव राखून ठेवले. व्यापाराच्या रूढ हिशेबात हा आतबट्ट्याचा व्यवहार. तथापि ठिकठिकाणचे उत्पादक असे बोर्ड बनवू लागले, भाव उतरले आणि शाळकरी मुलांनाही ते परवडू लागले. भारतात २०१६ साली नीती आयोगाने सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अटल टिंकरिंग लॅब योजना आरंभिली. तिच्या प्रयोगशाळांतही असे बोर्ड पोहोचले.

आपल्या मूळ कार्याचे श्रेय पुरेसे मिळाले नाही, ही खंत बारागान यांनी २०१६ साली जाहीरपणे मांडली. विद्या खुली करणे थोर खरेच. परंतु ज्याने पाया घातला त्याचे नाव स्मरणे हाही त्या देण्याचाच भाग होय. ती संस्था आज नाही. तिने मुक्तहस्ते दिलेले मात्र टिकून आहे.